डावी पाकळी

आमच्या वाडीच्या महिला भजन मंडळात मी आठ वर्षं पखवाज वाजवला. आता मी टाळ वाजवते. हा बदल मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ओळीत जाहीर झाला होता, 'देवीच्या इच्छेने' असं म्हणून, आणि खाली अकरा जणींनी हात जोडले होते. त्या अकरांमध्ये मीही होते. ते जोडलेले हात आठवले की मला आजही शिसारी येते, आणि माझ्या स्वतःच्या हातांची जरा जास्तच येते.

पखवाज माझ्या वडिलांचा. माझं माहेर रेडीचं. वडील दशावतारी नाटकात वाजवायचे. मुलींनी पखवाजाला हात लावायची आमच्या घरी पद्धत नव्हती, म्हणून मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर शिकले. वडील पुढच्या ओसरीवर बोल म्हणायचे आणि मी स्वयंपाकघरात डब्यावर ते काढायचे. त्यांना ऐकू जात असणारच, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही. ते गेल्यावर भावाने पखवाज माळ्यावर टाकला. आमच्या वाडीत बायकांचं मंडळ निघालं तेव्हा मी तो मागून आणला, त्याला चामड्याच्या नव्या पुड्या बसवून घेतल्या आणि सगळ्यांसमोर मांडी घालून बसले. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. आमचा सराव मंगळवारी असतो. दर मंगळवारी ऑफिसातून आले की चहा ठेवायच्या आधी मी मूठभर कणीक मळायची. ही चपात्या कोणासाठी करते ते बघा, म्हणून घरात सगळे हसायचे. मी फार चांगली वाजवत होते असं मुळीच नाही. गजरात लय वाढली की माझा उजवा हात मागे राहायचा आणि मग बाकीच्या माझ्यासाठी थांबायच्या. पण आठवड्यातले ते दोन तास माझे होते. बाकी सगळा वेळ ग्रामपंचायतीचा आणि घराचा होता.

ग्रामपंचायतीत मी क्लार्क आहे. ठराव लिहिणं हे माझं काम. सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे ठराव मंजूर होतो की नामंजूर हे त्याच्या शब्दांवर असतं. 'अमक्याच्या कुंपणातून रस्ता काढावा का' असं लिहिलं तर भांडण होतं. 'वाडीच्या सोयीसाठी रस्त्याचे रुंदीकरण करणेस मंजुरी' असं लिहिलं की सगळे माना डोलावतात आणि अमक्याला कुंपण पडल्यावर कळतं. या कसबाचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवते.

मंडळात पेटी काकी वाजवायच्या. काकी म्हणजे सगळ्या वाडीच्या काकी, वय सत्तरीच्या पुढे. मंडळ निघालं तेव्हा आमच्यापैकी एकीलाही सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी प्रत्येकीला घरी बोलावून, समोर बसवून, एकेक अभंग घोटून घेतला होता. पेटीसुद्धा त्यांचीच. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. तालुक्याच्या स्पर्धेत गौळण चालू असताना त्यांची करंगळी दोन पट्ट्यांच्या मधे अडकली आणि असा काही सूर निघाला की पहिल्या रांगेतली मुलं फिसकन हसली. काकींनी हात उचलला, पुन्हा ठेवला, आणि शेवटपर्यंत वाजवलं. आम्हाला नंबर मिळाला नाही. येताना गाडीत सगळ्याजणी त्या करंगळीचाच विचार करत होत्या.

त्यानंतरच्या मंगळवारी काकी ताप आला म्हणून आल्या नाहीत, आणि विषय निघाला. आमच्या अध्यक्षीणबाई, ज्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या चालवतात, त्यांनी सुरुवात केली. स्पर्धेच्या नियमात बाहेरचे दोन साथीदार चालतात. खाडीपलीकडच्या मंडळाने गेल्या वर्षी पेटीवाला मानधन देऊन आणला आणि पहिला नंबर घेतला. मग आपण का नाही?

मासळी विकणारी आमची एक जण आहे, आवाजाने खणखणीत. ती म्हणाली, "पैशे दिवन भजन करूचा तर मोबायलारच लावया ना. आमी तरी कित्याक बसूचा?"

"तसा नाय गो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "गावचा आमीच. तेणी फक्त सूर धरूचो."

"आणि काकींक कोण सांगतला?"

पैसे द्यायला कोणाची ना नव्हती, वर्गणी काढायची तयारी होती. पण काकींच्या दारात जाऊन 'तुम्ही उठा' म्हणायला एकही तयार नव्हती. प्रत्येकीने त्यांच्या हातचा सांजा खाल्लेला. तेव्हा मीच तोंड उघडलं. मी म्हटलं, "आपण कोणी सांगूकच नको. देवीक विचारूया."

आमच्याकडे होडी दर्यात घालायची असो, विहीर खणायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, देवीचा कौल घेतात. गुरव पाषाणाच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल झाला की वाडीत त्यावर कोणी बोलत नाही. मी हे सुचवलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मासळीवाली तेवढी म्हणाली, "देवीक कित्याक मधी घेतास? तोंडा आमकाच आसत ना?" तिचं कोणी ऐकलं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सहाजणी देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'होय म्हाराजा' म्हटलं. मग त्याने विचारलं, प्रश्न काय तो सांगा. अध्यक्षीणबाई गडबडल्या आणि त्यांच्या मनात होतं तेच बोलून गेल्या: "काकींका पेटीवरसून उठवचा काय, इतक्याच."

गुरवाने प्रश्न मांडला. पाच मिनिटं काही हललं नाही. समईच्या उजेडात त्या दोन पाकळ्या आम्ही डोळे फाडून बघत होतो. मग डावी पाकळी सुटली आणि पायरीवर पडली.

"डावो," गुरव म्हणाला.

तिथेच विषय संपायला हवा होता. अध्यक्षीणबाईंनी हात जोडलेही होते. पण ठराव पडला की तो शब्द बदलून पुन्हा मांडायचा ही सवय माझ्या हाडात मुरलेली. मी पुढे झाले आणि म्हटलं, "प्रश्नच चुकीचो गेलो. काकींका उठवचा असा आमी खंय म्हणतंव? नीट विचारा. मंडळाचा नाव व्हवचा म्हणान स्पर्धेक बाहेरचो पेटीवालो आणलो, तर देवीची परवानगी आसा काय, असा विचारा."

गुरवाने माझ्याकडे क्षणभर बघितलं. म्हातारा माणूस, त्याने आयुष्यात असले प्रश्न पुष्कळ ऐकले असणार. पाकळ्या पुन्हा भिजवल्या, पुन्हा चिकटवल्या. या वेळी उजवी पडली.

आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा गाभाऱ्याच्या मागून, प्रदक्षिणेच्या वाटेने, काकी आल्या. शुक्रवारी दिवा लावायला त्या यायच्याच, हे आम्ही विसरलो होतो. हात ओले होते. "काय गो, आज सगळी मंडळी हयसर?" त्यांनी विचारलं. अध्यक्षीणबाईंनी देवीची इच्छा काय झाली ते सांगितलं. काकींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "बरा झाला. माझी बोटा आता खंय चलतत?" मी मनाशी ठरवून टाकलं की त्या नुकत्याच आल्या असणार. तसं ठरवणं मला सोयीचं होतं.

पेटीवाला इन्सुलीकडचा होता. तो स्पर्धेआधी दोनच वेळा येणार होता, कारण त्या हंगामात त्याच्या हातात आणखी तीन मंडळं होती. मग दर मंगळवारच्या सरावाचं काय? सरावाला पेटी काकीच वाजवतील, असं ठरलं. काकींच्या घरून काकींची पेटी आणायची, काकींनी आम्हाला सूर द्यायचे, चुकलेल्या जागा सांगायच्या, आणि स्पर्धेला त्यांनी मागच्या रांगेत टाळ घेऊन बसायचं. ही व्यवस्था कोणाला विचित्र वाटली नाही. मलाही वाटली नाही. मी पखवाजाला कणीक थापत बसले होते.

तो पहिल्यांदा आला तो मोटारसायकलवरून, गळ्यात चेन, तोंडात गुटखा. अध्यक्षीणबाईंच्या ओसरीवर आमचा सराव चालायचा, तिथे चढण्याआधी त्याने माडाच्या मुळाशी पिचकारी मारली. पट्टी कोणती, हे त्याने आम्हाला विचारलंच नाही. "बायकांच्या सगळ्या मंडळांक मी एकच पट्टी देतंय," म्हणाला आणि पेटी उघडली. आमच्यातल्या दोघींचा आवाज तिथवर चढत नव्हता. त्यांनी नुसते ओठ हलवावेत, असं त्याने सुचवलं. त्याचा हात मात्र सफाईदार होता, हे कबूल करायला हवं. एका अभंगात चार ठिकाणच्या चाली घुसडून त्याने आम्हाला असं काही फिरवलं की आपण फार छान म्हणतोय असं सगळ्यांना वाटलं. काकी मागे बसून ऐकत होत्या. त्यांनी घोटून घेतलेली चाल त्यात कुठेच राहिली नव्हती.

गजर झाला. लय वाढली आणि माझा हात नेहमीसारखा मागे पडला. त्याने पेटी थांबवली, मोबाईल बघितला आणि अध्यक्षीणबाईंना म्हणाला, "एक सांगूचा रवला. माझो पखवाजवालो ठरलेलो आसा. आमी जोडीनच येतंव. दोघांचा मानधन एकदम सांगा."

मी त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते. तो माझ्याशी बोललाच नाही. मी बायकांकडे बघितलं. एकीने घड्याळ बघितलं, एकीने वह्या गोळा करायला घेतल्या, आणि ज्या दोघींना नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं त्यासुद्धा सतरंजीचे धागे ओढत बसल्या. ती शांतता मला चांगली ओळखीची होती. आठ वर्षं यांच्याबरोबर बसले, यांच्या मुलींच्या लग्नांत वाढपं केली, यांचे दाखले रांगेशिवाय काढून दिले, आणि एकीला 'आमची पखवाजवाली आसा' एवढे तीन शब्द जड झाले. आणि मग अध्यक्षीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बग गो, आमी कोण ठरवणारा? देवीक विचारूया."

त्या शुक्रवारी मीही गेले. न जाऊन कसं चाललं असतं? वाटेत मी हिशोब करत होते की अध्यक्षीणबाई प्रश्न कसा फिरवतील, कुठे अडवता येईल, कोणता शब्द पकडायचा. 'मंडळाच्या भल्यासाठी' म्हणाल्या की मी उभी राहणार होते. पण त्यांनी काहीच फिरवलं नाही. त्या देवीसमोर सरळ म्हणाल्या, "आमच्या पखवाजवालीक बाजूक बसवन बाहेरचो पखवाजवालो घेवचो काय?"

मला मनातून बरं वाटलं. असा उघडावाघडा प्रश्न काकींच्या वेळी पडला होता, आजही पडेल. मी डाव्या पाकळीकडे बघत राहिले. गुरवाने प्रश्न मांडून हात खाली घेतला न घेतला तोच उजवी पाकळी सुटली. पाच मिनिटं सोडा, एक मिनिटही लागलं नाही.

"उजवो," गुरव म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. प्रश्न पुन्हा मांडायचा का, असं त्याने तोंडाने विचारलं नाही, पण तो थांबला होता. माझं तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होते मी? मंडळाच्या नावासाठी स्थानिक कलाकारांस संधी देणेस मंजुरी? मला तेही सुचलं होतं, अगदी शब्दांसकट. त्या क्षणी स्वतःची जी किळस आली ती मी कोणाला सांगू शकत नव्हते, म्हणून हात जोडले आणि घरी आले. घरी येऊन ग्रुपवरही हात जोडले.

स्पर्धा तालुक्याच्या गावी, एका शाळेच्या सभागृहात दुपारी होती. आम्ही सगळ्यांनी एकसारख्या पोपटी साड्या घेतल्या होत्या. पेटीवाला आणि पखवाजवाला आमच्या आधी एका मंडळाबरोबर वाजवून बसले होते. ते मंडळ उतरलं, आम्ही चढलो, आणि ते दोघे जागचे हललेसुद्धा नाहीत. फक्त खांद्यावरचं भगवं उपरणं काढून आमचं पोपटी घेतलं. पखवाजवाला विशीचा, केसांना जेल. त्याने मला टाळ घेताना बघितलं आणि आपुलकीने म्हणाला, "मावशे, माझ्या हाताकडे बघ. चुकणार नाय." मी त्याच्या हाताकडे बघितलं. चुकण्यासारखं खरंच काही नव्हतं. माझ्या वडिलांना आवडला असता इतका तो स्वच्छ वाजवत होता, आणि गजराच्या ऐन लयीत समोरच्या ओळखीच्या माणसाकडे बघून भुवया उडवत होता. देवाचं नाव चाललंय की लग्नाची वरात, याचं त्याला काही नव्हतं.

आमचा तिसरा नंबर आला. खाडीपलीकडच्या मंडळाचा पहिला. त्यांच्यासाठीही याच दोघांनी वाजवलं होतं. परीक्षकांनी भाषणात साथसंगतीचं फार कौतुक केलं. फोटोत ते दोघे पुढे बसलेत आणि मागे आम्ही पोपटी रांगेत उभ्या आहोत. माझं अर्धं तोंड अध्यक्षीणबाईंच्या अंबाड्यामागे गेलंय. तो फोटो आता मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यात वर आहे. मासळीवाली त्या फोटोत नाही. ती स्पर्धेला आलीच नव्हती, बाजार आहे म्हणाली होती.

येताना टेम्पोत सगळ्या पुढच्या वर्षीचं बोलत होत्या. आता गाणाऱ्या दोन आणायच्या, म्हणजे पहिला नंबर कुठे गेला नाही, असं एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या, पण फार हसल्या नाहीत. मी आणि काकी मागच्या बाकावर होतो. काकींच्या मांडीवर टाळ होता. दिवसभर दोरी धरून त्यांच्या बोटांची पेरं लाल झाली होती. माझा राग, माझी शिसारी, सगळं मला कोणाला तरी सांगायचं होतं. मला वाटलं, निदान काकींना तरी कळेल. आम्ही दोघी एकाच रांगेत बसवलेल्या.

मी म्हटलं, "काकी, बगलात मा? आमका दोगींकव देवीन उठवला."

काकी बाहेर बघत होत्या. टेम्पो पुलावर आला होता आणि खाली खाडीला भरती होती. त्यांनी टाळ पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि मग अगदी सावकाश, भांडणाचा सूर जराही न लावता म्हणाल्या, "तुका देवीन उठवला गो. माझी पाकळी डावी पडलेली. मी गाभाऱ्याच्या पाठीच व्हतंय."

टेम्पो पूल उतरला. पुढे बायका कोणत्या गाणाऱ्या आणायच्या याची नावं काढत होत्या. जरा वेळाने काकीच म्हणाल्या, "मंगळवारी पखवाज घेवन ये. सरावाक तरी कोण होयाच. मी पेटी काढून ठेवतंय."

मंगळवारी मी कणीक मळली आणि गेले. काकींनी पेटी उघडून ठेवलेली होती आणि माझ्यासाठी शेजारी पाट मांडला होता. तेव्हापासून सरावाला आम्ही दोघी वाजवतो आणि स्पर्धेला मागे बसतो. शुक्रवारी त्या दिवा लावायला जातात, तेव्हा कधीकधी मला हाक मारतात. मी अजून त्यांच्याबरोबर देवळात गेलेले नाही.